नॅनोवायरच्या तापण्याचे मॉडेल मोजमापाशी जुळत नाही : लक्षणे आणि तपासणीचा क्रम

सूक्ष्म वाहकातून करंट सोडला की तो किती तापेल, याचे मॉडेल सहसा पहिल्याच दमात चालते. तापमानाचा रंगीत नकाशाही झकास येतो. मोजमापाशी ताडून पाहिले की मात्र उत्तर दुपटी-तिपटीने चुकलेले निघते. दोष सॉल्व्हरचा, म्हणजे समीकरणे सोडवणाऱ्या सॉफ्टवेअरचा, क्वचितच असतो. पाणी बहुतेक वेळा दोनच ठिकाणी मुरते: पदार्थाचे आकडे हँडबुकातून जसेच्या तसे उचललेले असतात, किंवा उष्णता नेमकी कुठून बाहेर पडते याचा विचार झालेला नसतो.

लक्षणे

- मॉडेलची तापमानवाढ मोजलेल्या वाढीच्या निम्मी किंवा तिसरा हिस्सा येते.
- उत्तर हजारो-लाखो पटींनी चुकते. काही अंशांच्या जागी सूर्याच्या पृष्ठभागापेक्षा जास्त तापमान दिसते.
- मेश (गणितासाठी भूमितीचे छोट्या घटकांत केलेले जाळे) बारीक केली की कमाल मूल्य वाढतच जाते, कुठे थांबत नाही.
- करंट थोडा वाढवला की सॉल्व्हर अडकतो, उत्तर अनंताकडे पळते.
- कमी करंटला मॉडेल जुळते, जास्त करंटला फाटा फुटतो.
- आकडे जुळतात, पण लांबी किंवा रुंदी बदललेल्या दुसऱ्या नमुन्यावर तेच मॉडेल पार कोसळते. हे सगळ्यात फसवे लक्षण आहे.

खालच्या सगळ्या तपासण्यांसाठी एकच उदाहरण घेऊ. सोन्याची पट्टी: २०० नॅनोमीटर रुंद, १०० नॅनोमीटर जाड, १० मायक्रॉन लांब. दोन्ही टोकांना मोठे पॅड (जोडणीचे रुंद धातूचे तुकडे), करंट २ मिलिअँपिअर, खोलीचे तापमान ३०० केल्विन. पट्टीचा मोजलेला रोध २० ओहम.

१. एकके आणि करंटचा अर्थ (पाच मिनिटे, खर्च शून्य)

छेदाचे क्षेत्रफळ काढा आणि करंटची घनता हाताने मांडा. आपल्या पट्टीत ती १ कोटी अँपिअर प्रति चौरस सेंटिमीटर येते. आकडा अवाढव्य वाटतो, पण सूक्ष्म वाहकांत तो नेहमीचा आहे. तो सेंटिमीटरमध्ये लिहून सॉफ्टवेअरला मीटरमध्ये दिला, की घनता १० हजार पटीने चुकते. उष्णता घनतेच्या वर्गाप्रमाणे निर्माण होत असल्याने ती १० कोटी पटीने चुकते. वरचे दुसरे लक्षण दिसले तर पुढचे काही वाचायच्या आधी इथेच बघा. भूमितीची फाइल मिलिमीटरमध्ये काढून मायक्रॉन म्हणून आयात करणे हा याच चुकीचा जुळा भाऊ.

करंट प्रत्यावर्ती असेल तर शिखरमूल्य भरले आहे की वर्गमध्यमूळ मूल्य, हेही बघा. शिखरमूल्य भरले तर सरासरी उष्णता बरोबर दुप्पट येते. पल्स असतील तर प्रश्न वेगळा होतो. तो आठव्या तपासणीत.

२. हिशोबाची वही जुळते का (दहा मिनिटे)

स्थिर स्थितीत आत गेलेली विद्युतशक्ती आणि सीमांवरून बाहेर पडलेली उष्णता सारखी असलीच पाहिजे. आपल्या पट्टीवर ०.०४ व्होल्ट पडतात, म्हणून शक्ती ८० मायक्रोवॉट. सॉफ्टवेअरकडून तीन आकडे मागवा: करंट गुणिले विभवांतर, संपूर्ण आकारमानात निर्माण झालेली उष्णता, आणि सगळ्या सीमांवरून बाहेर गेलेल्या उष्णतेची बेरीज. तिन्हींत १ टक्क्यापेक्षा जास्त फरक नको.

पहिले दोन जुळत नसतील तर विद्युत भागाची मेश खडबडीत आहे, किंवा करंट पट्टी सोडून दुसऱ्याच वाटेने जातो आहे. दुसरा आणि तिसरा जुळत नसेल तर स्थिर स्थिती अजून आलेली नाही, किंवा एखादी सीमा तुमच्या नकळत उष्णता गिळते आहे. वही जुळली म्हणजे मॉडेल खरे, असे मात्र समजू नका. चुकीच्या आकड्यांचाही हिशोब नीट जुळतो.

३. हातचा आकडा (अर्धा तास, कागद-पेन्सिल)

ही तपासणी वगळणारे लोक पुढे आठवडा घालवतात. पट्टी अधांतरी आहे की ऑक्साइडवर (खालच्या सिलिकॉनच्या ठोकळ्यावरचा सिलिकॉन डायऑक्साइडचा थर) टेकलेली, यावरून हिशोब बदलतो.

अधांतरी पट्टीत उष्णता फक्त टोकांतून जाते असे धरले, तर मधली तापमानवाढ म्हणजे शक्ती गुणिले लांबी, भागिले उष्णतावाहकता, छेदाचे क्षेत्रफळ आणि ८ यांचा गुणाकार. संपूर्ण पट्टीची सरासरी वाढ याच्या दोन-तृतीयांश असते.

धातूंसाठी याहून सोपी वाट आहे. चांगल्या धातूत उष्णता आणि वीज दोन्ही इलेक्ट्रॉनच वाहतात, त्यामुळे रोधकता आणि उष्णतावाहकता यांचा गुणाकार तापमानाच्या प्रमाणात राहतो. हा वीडेमान-फ्रान्झ नियम, १८५३ सालचा. तो वापरला की भूमिती समीकरणातून चक्क गळून पडते. टोके खोलीच्या तापमानाला असतील, तर मधल्या तापमानाचा वर्ग म्हणजे खोलीच्या तापमानाचा वर्ग अधिक १.०२५ कोटी गुणिले विभवांतराचा वर्ग. तापमान केल्विनमध्ये, विभवांतर व्होल्टमध्ये. आपल्या पट्टीसाठी ९०,००० अधिक १६,४००, म्हणजे १,०६,४००, वर्गमूळ ३२६. वाढ २६ केल्विन. लांबी, रुंदी, जाडी काहीही असो, अधांतरी धातूच्या तारेवर ०.०४ व्होल्ट पडले तर मधोमध सुमारे २६ केल्विनच वाढणार. ०.१ व्होल्टला १३९ केल्विन. तुमचे मॉडेल याच्या जवळपासही नसेल, तर मेशला हात लावू नका. थेट चौथ्या तपासणीवर जा.

ऑक्साइडवर टेकलेल्या पट्टीचे गणित वेगळे. उष्णता खाली जाते आणि जाताना बाजूंना पसरते, म्हणून परिणामी रुंदी ही पट्टीची रुंदी अधिक ऑक्साइडच्या जाडीच्या ०.८८ पट धरा. ३०० नॅनोमीटर ऑक्साइडवर ती ४६४ नॅनोमीटर येते. ऑक्साइडची वाहकता १.४ वॉट प्रति मीटर-केल्विन धरली, तर दर मीटर लांबीला दर केल्विनला २.१७ वॉट खाली जातात. पट्टीत दर मीटरला ८ वॉट निर्माण होतात, म्हणून वाढ ३.७ केल्विन. तोच करंट, तीच पट्टी, आणि फक्त खाली आधार आहे म्हणून २६ चे ३.७ झाले. पट्टीखालची पोकळी कोरताना थोडे ऑक्साइड उरले असेल, तर मॉडेल कशामुळे फसते ते यावरून कळेल.

४. पदार्थाचे आकडे (इथेच बहुतेक प्रकरणे सुटतात)

हँडबुकात सोन्याची रोधकता २.२ मायक्रोओहम-सेंटिमीटर आणि उष्णतावाहकता ३१८ वॉट प्रति मीटर-केल्विन. हे आकडे ठोकळ्याचे, म्हणजे जाड, मोठ्या तुकड्याचे आहेत. सोन्यातला किंवा तांब्यातला इलेक्ट्रॉन एका धडकेपासून दुसऱ्या धडकेपर्यंत साधारण ४० नॅनोमीटर जातो. पट्टीची जाडी किंवा तिच्यातल्या कणांचा आकार या अंतराच्या जवळ आला, की पृष्ठभागावरच्या आणि कणसीमांवरच्या धडका वाढतात आणि रोधकता चढते. पृष्ठभागाचा परिणाम फुक्स आणि सोंडहायमर यांच्या सूत्राने मांडतात, कणसीमांचा मायादास आणि शात्स्केस यांच्या १९७० च्या सूत्राने. सूत्रे चांगली आहेत, पण त्यांतले परावर्तनाचे गुणांक प्रत्येक थराला वेगळे निघतात. म्हणून सूत्रातून भाकीत करत बसण्यापेक्षा रोध मोजा. २० ओहम आणि मापलेली भूमिती यांवरून आपल्या पट्टीची रोधकता ४ मायक्रोओहम-सेंटिमीटर निघते. हँडबुकाप्रमाणे रोध ११ ओहम यायला हवा होता.

मोजताना चार टोकांची पद्धत वापरा. दोन टोकांनी मोजले तर संपर्करोध पट्टीच्या रोधात मिसळतो, आणि मॉडेल पट्टीत नसलेली उष्णता पट्टीत ओतते. तसेच रोध एकाच करंटला मोजू नका. पाच-सहा करंटना मोजून रोध विरुद्ध करंटचा वर्ग असा आलेख काढा. तो सरळ रेषा आला पाहिजे. रेषा मागे ओढून शून्य करंटला जिथे येते तो खरा थंड रोध, आणि रेषेचा उतार म्हणजे तापण्याची खूण. मॉडेलची तुलना याच उताराशी करावी.

आता खरी मेख. बरेच जण मोजलेली रोधकता भरतात आणि उष्णतावाहकता मात्र ३१८ च ठेवतात. इलेक्ट्रॉन जास्त धडकत असतील तर उष्णताही तेवढीच कमी वाहणार. वीडेमान-फ्रान्झ नियमाने ४ मायक्रोओहम-सेंटिमीटरला ३०० केल्विनवर उष्णतावाहकता १८३ येते. अधांतरी पट्टीवर तिन्ही प्रकारे आकडे टाकून बघा:

- दोन्ही हँडबुकातले: वाढ ९ केल्विन.
- रोधकता मोजलेली, वाहकता हँडबुकातली: १६ केल्विन.
- दोन्ही सुसंगत: २७ केल्विन. वरच्या २६ शी हे जुळते. उरलेला फरक, या गणितात गुणधर्म तापमानाबरोबर बदललेले नाहीत, त्याचा.

तिसरा आकडा तापमान-गुणांकाचा, म्हणजे दर केल्विनला रोध मूळच्या कितव्या भागाने वाढतो त्याचा. शुद्ध सोन्याची रोधकता दर केल्विनला साधारण ०.००८ मायक्रोओहम-सेंटिमीटरने वाढते, आणि पातळ थरातही वाढीचा हा दर जवळपास तोच राहतो. पाया मात्र २.२ चा ४ झालेला असतो, म्हणून गुणांक ०.००३६ चा ०.००२ होतो. रोधावरून तापमान काढणाऱ्यांना इथे जोरदार फटका बसतो. आपल्या पट्टीची सरासरी वाढ १८ केल्विनच्या आत-बाहेर, म्हणून रोध ३.६ टक्क्यांनी वाढून २०.७ ओहम होईल. त्यावरून हँडबुकाच्या गुणांकाने तापमान काढले तर वाढ १० केल्विन निघते. हँडबुकाच्या आकड्यांवर चालणारे मॉडेल ९ सांगत होते! मॉडेल चूक, मोजमापाचा अर्थ चूक, आणि दोन्ही एकमेकांना साक्ष देतात. वर सांगितलेले सगळ्यात फसवे लक्षण इथून जन्मते. गुणांक त्याच नमुन्यावर, गरम केलेल्या पाटावर, अगदी कमी करंटला, निदान चार तापमानांना मोजून घ्या.

वीडेमान-फ्रान्झचा आधार फक्त धातूंना घ्या. सिलिकॉनमध्ये उष्णता फोनॉन, म्हणजे अणूंच्या जाळीची कंपने, वाहतात, आणि तिथे घसरण फार मोठी असते: ठोकळ्यात १४८ वॉट प्रति मीटर-केल्विन, तर २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोजमापांत २२ नॅनोमीटर व्यासाच्या सिलिकॉन तारेची वाहकता खोलीच्या तापमानाला १० च्याही खाली होती.

५. सीमा: उष्णता बाहेर कुठून जाते

पट्टीच्या टोकाला थेट ३०० केल्विन चिकटवणे ही सवय सोडा. पॅड पातळ असतो आणि उष्णता त्याच्या अरुंद तोंडातून पसरत जाते. आपल्या १०० नॅनोमीटर जाड पॅडमध्ये ती सुमारे २ मायक्रॉन पसरल्यावर ऑक्साइडमध्ये उतरते, आणि तोंडाशी तापमान साधारण २ केल्विनने चढलेले असते. २६ मधले २ म्हणजे ८ टक्के. प्रत्येक बाजूला पॅडचा निदान १० मायक्रॉन भाग मॉडेलमध्ये घ्या. सिलिकॉनचा ठोकळा किती मोठा घ्यायचा, हे तो दुप्पट करून बघूनच ठरवा. उत्तर १ टक्क्याहून कमी हलले तर पुरे.

हवेबद्दल दोन्ही टोकांच्या चुका होतात. भिंतीला किंवा रेडिएटरला वापरतात तो १० वॉट प्रति चौरस मीटर-केल्विनचा आकडा इथे निरर्थक आहे. मायक्रॉनभर जाडीच्या तारेभोवती हवा वाहत नाही, ती नुसती उष्णता वाहून नेते, आणि परिणामी आकडा १० हजारांच्या घरात जातो. लांबीच्या हिशोबात सांगायचे तर हवा दर मीटरला दर केल्विनला ०.०३ वॉट नेते. ऑक्साइडच्या २.१७ पुढे ते नगण्य. आपल्या अधांतरी १० मायक्रॉन पट्टीतही फरक १० टक्क्यांच्या आतच. पण तीच पट्टी १०० मायक्रॉन लांब केली, तर बहुतेक उष्णता हवेतूनच जाईल. निर्वातात मोजलेले आणि हवेत मोजलेले आकडे एकाच मॉडेलने जुळवायला बघू नका. किरणोत्सर्ग मात्र ६०० केल्विनपर्यंत खुशाल विसरा. तो हवेच्याही सुमारे हजारावा हिस्सा असतो.

६. थरांमधला सांधा

दोन पदार्थ एकमेकांना कितीही घट्ट चिकटलेले असोत, सांध्यावर तापमानाची पायरी पडते. नेहमीचा सांधा चौरस मीटरला दर केल्विनला १० कोटी वॉटच्या आसपास सोडतो. हा अडथळा १४ नॅनोमीटर ऑक्साइडइतका किंवा जवळजवळ दीड मायक्रॉन सिलिकॉनइतका असतो. त्यामुळे ३०० नॅनोमीटर ऑक्साइडवर एका सांध्याने फक्त ५ टक्के फरक पडतो, २० नॅनोमीटर ऑक्साइडवर ७० टक्के. सांधा मॉडेलमध्ये घ्यायचा की नाही, हे या तुलनेवरून ठरवा. सोने ऑक्साइडला स्वतःहून धरत नाही, खाली टायटॅनियम किंवा क्रोमियमचा काही नॅनोमीटरचा थर असतो. सांध्याचा आकडा त्या थरावर ठरतो, सोन्यावर नव्हे. सांध्याचा आकडा जुळवाजुळवीचा स्क्रू म्हणून फिरवू नका. मॉडेल जुळण्यासाठी तो नेहमीच्या दसपट वाईट धरावा लागत असेल, तर चूक दुसरीकडे आहे.

७. मेश आणि कोपरे

पातळ थराच्या जाडीत निदान ४ घटक हवेत. मेश अर्धी करा. कमाल तापमान १ टक्क्याहून कमी बदलले की थांबा.

करंटच्या घनतेचे कमाल मूल्य मात्र पट्टी आणि पॅड यांच्या आतल्या धारदार कोपऱ्यावर कधीच थांबत नाही. गणितात ते तिथे अनंतच असते, मेश जितकी बारीक तितका आकडा मोठा. तापमान अनंत होत नाही, कारण त्या बिंदूभोवतीची एकूण उष्णता मर्यादितच राहते. खऱ्या पट्टीचा कोपरा तसाही गोलाईचा असतो; मॉडेलमध्ये २० ते ५० नॅनोमीटरची गोलाई द्या.

८. सॉल्व्हर पळतो, किंवा वेळेचे गणित बिघडते

करंट स्थिर ठेवला की तापमान वाढते, त्याने रोध वाढतो, त्याने उष्णता वाढते. ऑक्साइडवरच्या पट्टीत हा फेरा न धरता काढलेली वाढ, तापमान-गुणांकाच्या व्यस्ताइतकी झाली, म्हणजे आपल्या गुणांकाला ५०० केल्विन, की स्थिर उत्तरच उरत नाही. सॉल्व्हर तेव्हा खरे बोलत असतो. त्याआधीच अडकत असेल तर करंटऐवजी विभवांतर द्या. तिथे रोध वाढला की शक्ती घटते आणि गणित स्वतःला सावरते. करंटच हवा असेल तर तो १० टक्क्यांच्या पायऱ्यांनी चढवा आणि मागच्या पायरीचे उत्तर पुढच्याची सुरुवात म्हणून द्या.

पल्सच्या मॉडेलमध्ये आधी कालांक, म्हणजे तापायला-निवायला लागणारा ठोकळ वेळ, काढा. आपल्या अधांतरी पट्टीचा तो ०.१४ मायक्रोसेकंद आहे, ३०० नॅनोमीटर ऑक्साइडचा सुमारे ०.१. वेळेची पायरी याच्या विसाव्या भागापेक्षा मोठी नको. मायक्रोसेकंदाच्या पायरीने चालवलेले मॉडेल चढण दाखवतच नाही, थेट शेवट दाखवते.

कुठे थांबावे आणि कोणाला गाठावे

वरचे सगळे झाल्यावर फरक २० टक्क्यांच्या आत असेल तर पुढे कोरत बसू नका. जाडीच्या मापातच ५ ते १० टक्के इकडेतिकडे असतात. त्याहून मोठा फरक राहिला तर आधी छेद घेऊन इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली जाडी, कडांचा उतार आणि पट्टीखालची पोकळी बघून घ्या. हे काम सूक्ष्मदर्शक चालवणाऱ्या जाणकाराचे आहे.

करंट चढवताना आणि उतरवताना रोध वेगवेगळा येत असेल, किंवा स्थिर करंटला रोध तासागणिक सरकत असेल, तर मॉडेलिंग लगेच थांबवा. पट्टीतले कण वाढत आहेत किंवा इलेक्ट्रॉनच्या माऱ्याने अणू सरकत आहेत. दर मिनिटाला बदलणाऱ्या वस्तूचे स्थिर मॉडेल होत नाही. विश्वासार्हतेच्या चाचण्या करणाऱ्यांकडे नमुना द्या.

सांध्याचाच आकडा अडत असेल तर तो अंदाजाने भरू नका. लेसरच्या पल्सनी पृष्ठभागाचे परावर्तन मोजून तो काढणाऱ्या प्रयोगशाळा असतात. सपाट साक्षी-नमुना त्याच थरांसह बनवून त्यांच्याकडे पाठवा.

आणि धातूची पट्टी १० नॅनोमीटरच्या खाली गेली, सिलिकॉनमधला उष्णतेचा स्रोत १०० नॅनोमीटरच्या खाली गेला, पल्स काही पिकोसेकंदांची झाली, किंवा प्रयोग ५० केल्विनच्या खाली करायचा असला, तर नेहमीचे उष्णतावहनाचे समीकरण आणि वरची बरीच सूत्रे भरवशाची राहत नाहीत. तिथे इलेक्ट्रॉन आणि फोनॉन यांचे बोल्ट्झमन समीकरण सोडवणारा माणूस लागतो. त्याच्याकडे जाताना चार टोकांनी मोजलेला रोध, रोध विरुद्ध करंटच्या वर्गाचा आलेख, मोजलेला तापमान-गुणांक आणि छेदाचे चित्र सोबत न्या. नाहीतर तो पहिल्या भेटीत हेच मागून परत पाठवेल.